जीवशास्त्राचं उत्तर कसं लिहावं : दहावी विज्ञान भाग 2 साठी पायरीपायरीने

पूर्वपरीक्षेचे पेपर वाटले की घरोघरी तीच तक्रार ऐकू येते, "मला सगळं येत होतं, तरी दोनातला एकच दिला." पुस्तक वाचून झालेलं असतं, तोंडी विचारलं तर मुलगी धडाधड सांगते. उत्तरपत्रिकेत मात्र तीनच ओळी असतात आणि त्यातलीही एक प्रश्नच उलटसुलट करून लिहिलेली.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची. पुढे जीवशास्त्र घेऊन बीएस्सी केलं आणि आता संध्याकाळी गल्लीतल्या नववी-दहावीच्या मुलांचा वर्ग घेते. इतक्या वह्या तपासल्यावर एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. मुलांना उत्तराची सुरुवात माहीत असते, शेवटही माहीत असतो. 'त्यामुळे मध्ये काय घडतं' ही पायरी तेवढी डोक्यातच राहते, कागदावर येत नाही. आणि तपासणाऱ्याला कागदावर जे आहे त्यालाच गुण देता येतात. ही मधली पायरी लिहायची सवय महिना-दीड महिन्यात लागू शकते. जादा क्लास लागत नाही. रोज थोडा वेळ आणि थोडा चिकटपणा लागतो.

हा लेख राज्य मंडळाच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2' या विषयाला धरून आहे. नववीला आणि अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रालाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी काय काय जमवायचं

- पाठ्यपुस्तक. हरवलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळते. गाईड जवळ असलं तरी पुस्तक हवंच.
- तुमची स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका, सहामाही किंवा पूर्वपरीक्षेची. हे सगळ्यात महत्त्वाचं.
- मागच्या काही वर्षांच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिका. नवी पेठेत पुस्तकांच्या दुकानात संच मिळतात, शाळेतही मागून मिळतात.
- आखीव फुलस्केप कागद. सराव वहीत करू नका, परीक्षेसारख्या मोठ्या कागदावर करा.
- एचबी पेन्सिल, चांगला खोडरबर, पट्टी, आणि निळं किंवा काळं पेन.
- हिरवं पेन. हे स्वतःचं उत्तर सुधारण्यासाठी. लाल नको, लाल पाहिलं की मुलं घाबरतात.
- काट्यांचं घड्याळ. सरावाला मोबाइल जवळ ठेवू नका.

1. पेपरची मांडणी पाठ असू द्या

भाग 2 चा पेपर 40 गुणांचा आणि 2 तासांचा असतो. पहिल्या प्रश्नात 5 गुणांचे पर्याय आणि 5 गुणांचे छोटे वस्तुनिष्ठ प्रश्न. दुसऱ्यात शास्त्रीय कारणे, कोणतीही 2, म्हणजे 4 गुण, आणि 2-2 गुणांचे आणखी 3 प्रश्न, म्हणजे 6 गुण. तिसऱ्या प्रश्नात 8 पैकी 5 सोडवायचे, प्रत्येकी 3 गुण, एकूण 15. चौथ्यात 2 पैकी 1, त्याला 5 गुण.

म्हणजे 40 पैकी 30 गुण वाक्यांत किंवा आकृतीत उत्तर लिहिण्याचे आहेत. बहुतेक मुलं वेळ घालवतात ते रिकाम्या जागा आणि जोड्या पाठ करण्यात.

2. जुनी उत्तरपत्रिका उघडा

कमी गुणांचा पेपर दप्तराच्या तळाशी जातो आणि तिथेच राहतो. तो बाहेर काढा. जिथे जिथे गुण कापले आहेत तिथे समासात हिरव्या पेनाने एक खूण करा.

'न' म्हणजे मला हे येतच नव्हतं.
'अ' म्हणजे येत होतं, पण अर्धवट लिहिलं.
'प्र' म्हणजे प्रश्नात एक विचारलं होतं आणि मी दुसरंच लिहिलं.

मग तिन्ही मोजा. 'न' जास्त असतील तर हा लेख सध्या बाजूला ठेवा आणि पुस्तक वाचा, कारण जे येतच नाही ते चांगलं लिहिता येत नाही. पण बहुतेकांच्या पेपरात 'अ' आणि 'प्र' यांचीच गर्दी निघते. पालक शेजारी बसणार असतील तर एक विनंती. खुणा मुलालाच करू द्या. "हे पण आलं नाही का?" हा प्रश्न त्या अर्ध्या तासात तोंडातून निघू देऊ नका.

3. प्रश्न काय करायला सांगतोय ते आधी ठरवा

'व्याख्या लिहा' असेल तिथे व्याख्या लिहून थांबा, उदाहरण द्यायचं तर एकच. 'स्पष्ट करा' म्हणजे कसं घडतं ते क्रमाने सांगा. 'कारणे लिहा' म्हणजे का घडतं ते सांगा. 'महत्त्व लिहा' म्हणजे काय उपयोग होतो ते सांगा. इथे मुलं हमखास प्रक्रिया लिहीत बसतात. 'अर्धगुणसूत्री विभाजनाचे महत्त्व' विचारलं की दीड पान अवस्था लिहिलेल्या मी पाहिल्या आहेत. हवं होतं एवढंच: युग्मकांमध्ये गुणसूत्रांची संख्या निम्मी होते, त्यामुळे फलनानंतर ती मूळ संख्येइतकी होते आणि पिढ्यान् पिढ्या कायम राहते. शिवाय जनुकांची देवाणघेवाण झाल्याने संततीत विविधता येते. दोन मुद्दे, दोन गुण.

प्रश्नपत्रिकेवर या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची सवय सरावापासूनच लावा.

4. शास्त्रीय कारणे : इथे सगळ्यात जास्त गुण सुटतात

प्राण्यांच्या वर्गीकरणातला एक प्रश्न घेऊ. 'कासव जमिनीवर तसेच पाण्यातही राहते, तरी त्याचा समावेश उभयचर वर्गात करता येत नाही.'

माझ्या वर्गातल्या एका मुलाचं उत्तर असं होतं:

"कासव जमिनीवर व पाण्यात राहते. पण ते सरपटणारा प्राणी आहे. म्हणून त्याला उभयचर म्हणता येत नाही."

यात चुकीचं एकही वाक्य नाही, तरी गुण मिळणं अवघड आहे. पहिलं वाक्य प्रश्नातलंच आहे. तिसरंही प्रश्नातलंच. दुसरं वाक्य खरं आहे, पण तो निष्कर्ष झाला. कासव सरीसृप आहे हे आपण कशावरून म्हणतो? उभयचर म्हणायला कोणती लक्षणं लागतात, आणि त्यातलं कासवात काय नाही? खरं उत्तर तिथे होतं आणि तेच लिहिलं गेलं नाही.

मी त्याला प्रत्येक कारणासाठी तीन प्रश्न स्वतःला विचारायला लावले: नियम काय आहे? इथे काय घडतंय? म्हणून काय? वर्गात आम्ही याला 'नियम, इथे, म्हणून' एवढंच म्हणतो. त्याने नव्याने लिहिलेलं उत्तर:

"उभयचर प्राणी डिंभावस्थेत फक्त पाण्यात राहतात व कल्ल्यांनी श्वसन करतात, प्रौढावस्थेत ते जमिनीवर फुप्फुसांनी व पाण्यात त्वचेद्वारे श्वसन करतात. त्यांची त्वचा मऊ व ओलसर असते, तिच्यावर खवले नसतात. कासवाला मात्र कोणत्याही अवस्थेत कल्ले नसतात. ते पाण्यात राहत असले तरी फुप्फुसांनीच श्वसन करते. त्याची त्वचा कोरडी व खवलेयुक्त असते, तसेच डोके व धड यांमध्ये मान असते. ही सरीसृप वर्गाची लक्षणे असल्याने कासवाचा समावेश उभयचर वर्गात होत नाही."

पहिली दोन वाक्यं नियम सांगतात, मधली तीन कासवाबद्दल बोलतात, शेवटचं 'म्हणून' सांगतं. घाई असेल तर 'म्हणून' चं वाक्य छोटं करा, मधली वाक्यं कापू नका.

दुसरं उदाहरण मुद्दाम घेते. 'मुलगा होणार की मुलगी हे दांपत्यातील पुरुषावर अवलंबून असते.' मुलं लिहितात, "पुरुषात एक्स आणि वाय गुणसूत्रे असतात, स्त्रीत दोन एक्स असतात, म्हणून." आणि थांबतात. मधली पायरी बीजपेशींची आहे. स्त्रीच्या सगळ्या अंडपेशींमध्ये 22 गुणसूत्रे आणि एक एक्स असते, म्हणजे तिच्याकडून प्रत्येक वेळी एक्सच येते. पुरुषाच्या शुक्रपेशी मात्र दोन प्रकारच्या असतात, काहींत 22 अधिक एक्स, काहींत 22 अधिक वाय. अंडपेशीचं फलन एक्सवाल्या शुक्रपेशीने झालं तर मुलगी, वायवाल्या शुक्रपेशीने झालं तर मुलगा. बीजपेशींचं हे वाक्य नसेल तर उत्तर उभंच राहत नाही. मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणारी घरं आजही आपल्या आसपास आहेत, त्यामुळे हे उत्तर मी वर्गात प्रत्येकाकडून तोंडी म्हणवून घेते. मुलांकडून तर आवर्जून.

या प्रश्नप्रकारात तीन सापळे आहेत.

पहिला सापळा 'ते', 'त्यामुळे', 'हे' या शब्दांचा. "त्यामुळे ते वाढते." कशामुळे? काय वाढतं? लिहिणाऱ्याला माहीत असतं, वाचणाऱ्याने अंदाज करायचा का? सर्वनामाच्या जागी नाम लिहा, मग वाक्य जरा जड झालं तरी चालेल.

दुसरा सापळा गरजेचा. "जिराफाला उंच पाने खायची होती म्हणून त्याची मान लांब झाली." उत्क्रांतीच्या प्रकरणात अशी वाक्यं हटकून येतात. गरज पडली म्हणून शरीर बदललं आणि तो बदल पुढच्या पिढीला मिळाला, हे लामार्कचं मत होतं. जन्मानंतर मिळवलेली लक्षणं पुढच्या पिढीत उतरत नाहीत, म्हणून ते मान्य झालं नाही. डार्विनच्या नैसर्गिक निवडीबद्दल लिहायचं असेल तर क्रम उलटा आहे. आधी सजीवांमध्ये फरक असतात, परिस्थितीला ज्यांची लक्षणं अनुकूल ते जगतात आणि प्रजनन करतात, बाकीचे मागे पडतात. 'व्हावं म्हणून', 'मिळावं म्हणून' असं लिहिताय असं वाटलं की पेन थांबवा.

तिसरा सापळा जवळजवळच्या संज्ञांचा. श्वासोच्छ्वास म्हणजे हवा आत घेणं आणि बाहेर सोडणं. पेशीस्तरावरचं श्वसन म्हणजे अन्नघटकांच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा मिळवणं. परागण म्हणजे परागकण कुक्षीवर पोचणं. फलन म्हणजे नर आणि मादी युग्मकांचं मीलन. गुणसूत्र, जनुक आणि डीएनए हे एकाच गोष्टीला तीन नावं असल्यासारखे वापरले जातात. जनुक हा डीएनएचा भाग, आणि गुणसूत्र डीएनए आणि प्रथिनांचं बनलेलं. अशा जोड्यांची एक वेगळी यादी करा आणि अभ्यासाच्या जागी भिंतीवर लावा.

5. फरक लिहा

तक्ता करा आणि प्रत्येक ओळीत दोन्ही बाजूंना एकाच गोष्टीबद्दल लिहा. सूत्री विभाजनाच्या रकान्यात 'शरीरपेशींत होते' आणि समोर अर्धगुणसूत्री विभाजनाच्या रकान्यात 'चार पेशी तयार होतात', हा फरक झाला नाही. ही दोन वेगळी वाक्यं झाली. डावीकडे पेन्सिलीने मुद्दा लिहा: कुठे होते, किती पेशी तयार होतात, गुणसूत्रांची संख्या, जनुकांची देवाणघेवाण. मग दोन्ही रकाने भरा. 2 पेशी विरुद्ध 4 पेशी, संख्या कायम विरुद्ध संख्या निम्मी. 'हे होते' विरुद्ध 'हे होत नाही' अशी ओळ एखादीच असू द्या.

6. आकृती

'सुबक व नामनिर्देशित आकृती' यात दोन मागण्या आहेत आणि नावं देणं ही त्यातली अर्धी कमाई आहे. आकृती हात बसलेली नसली तरी चालते, पण नाव चुकीच्या भागाला लागलं तर ते चुकीचंच धरतात.

फुलाची आकृती घ्या. जास्वंद बहुतेक दारात असते, ती एक उभी चिरून समोर ठेवा. खाली हिरवी निदलं, मग पाकळ्या, मधोमध लांब नळी. त्या नळीला बाजूने चिकटलेले पिवळे ठिपके म्हणजे परागकोश. नळीच्या टोकाला पाच गोल बुटके दिसतात त्या कुक्षी. तळाशी फुगीर भाग दिसतो तो अंडाशय. बोटावर पिवळी भुकटी लागते ते परागकण. एकदा असं पाहिलं की कुक्षी, कुक्षीवृंत आणि अंडाशय यांचा क्रम पुन्हा चुकत नाही. पुस्तकातली आकृती साध्या फुलाची आहे, परीक्षेत तीच काढा, जास्वंद समजण्यासाठी.

काढताना आकृती निदान अर्ध्या पानाची असू द्या. नावांच्या रेघा पट्टीने, एकमेकींना न छेदणाऱ्या, आणि शक्यतो सगळ्या उजव्या बाजूला. रेघेचं टोक त्या भागाला टेकलं पाहिजे, हवेत लोंबकळत राहायला नको. बाण काढू नका. छायांकन करू नका, त्यात वेळ जातो आणि गुण मिळत नाही. खाली आकृतीचं नाव लिहा, हे राहून जातं.

मानवी प्रजननसंस्थेच्या आकृत्या वर्गात लाजून घाईने उलटल्या जातात. तुम्ही तसं करू नका. पेपरात त्या नेहमी येणाऱ्या आहेत, आणि स्वतःच्या शरीराबद्दलची ही माहिती प्रत्येकाला नीट असायला हवी. शाळेत विचारायला संकोच वाटत असेल तर मोठी बहीण, वहिनी, शिकवणीच्या ताई, कोणालाही विचारा.

7. प्रक्रिया आणि 5 गुणांचा प्रश्न

प्रक्रिया विचारली की आधी बाणांनी ओघतक्ता काढा, मग प्रत्येक पायरीखाली एक ओळ. ग्लायकोलायसिसमध्ये ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुविक आम्लाचे दोन रेणू तयार होतात हे सगळे लिहितात. ही क्रिया पेशीद्रव्यात होते आणि क्रेब चक्र तंतुकणिकेत, हे मात्र निम्मे विसरतात. प्रत्येक पायरीला 'कुठे', 'कशापासून', 'काय तयार झालं' हे तीन शब्द लावून बघा.

सूक्ष्मजीवशास्त्रातलं योगर्ट हे याचं छान उदाहरण. "दोन जिवाणू दुधात मिसळतात आणि योगर्ट तयार होते" एवढंच लिहिलं तर एखादा गुण हाती लागेल. पूर्ण उत्तरात कोणाचं काम काय ते आलं पाहिजे. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलिसमुळे आम्लं तयार होतात, त्यामुळे प्रथिनांचं जेल बनतं आणि योगर्टला घट्टपणा येतो. लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकीमुळे ॲसेटाल्डिहाइडसारखी संयुगं तयार होतात, त्यामुळे विशिष्ट स्वाद येतो. कोण, काय करतं, त्याने काय होतं.

आकड्यांबद्दल एक सूचना. ऑक्सीश्वसनात एका ग्लुकोजपासून 38 एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) असं तुमच्या पुस्तकात आहे. यूट्यूबवर किंवा वरच्या वर्गाच्या पुस्तकात 36 दिसेल, कुठे 30 ते 32 दिसेल. ते आकडे मोजण्याच्या वेगळ्या पद्धतींतून आले आहेत. दहावीच्या पेपरात पुस्तकातलाच आकडा लिहा, वाद बारावीनंतर.

5 गुणांच्या प्रश्नात बहुधा आकृती, तक्ता किंवा परिच्छेद देऊन त्याखाली उपप्रश्न असतात. उपप्रश्नांना अ, आ, इ असे क्रमांक देऊन वेगवेगळं लिहा. सलग निबंध लिहिला की तपासणाऱ्याला मुद्दे शोधावे लागतात.

पर्यावरणाच्या प्रश्नात आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण दिलं तर उत्तराला वजन येतं, पण ते संकल्पनेला बांधलेलं हवं. "सोलापूरजवळ नान्नजला माळढोक अभयारण्य आहे" ही नुसती माहिती झाली. असं लिहा: माळढोक हा गवताळ माळरानावर राहणारा, जमिनीवर अंडी घालणारा पक्षी आहे. मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते, त्यामुळे घटलेली संख्या भरून यायला फार वेळ लागतो. माळरानं शेतीखाली आणि बांधकामाखाली गेली तसा त्याचा अधिवास आक्रसला आणि आज तो नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे. एका प्रजातीसाठी तिचा अधिवासच का राखावा लागतो, ते यातून दिसतं. ऊर्जेच्या धड्यात औष्णिक वीज आली की एनटीपीसीचा 1320 मेगावॅटचा सोलापूर प्रकल्प तसाच वापरता येतो: कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेने टर्बाइन फिरतं, जनित्रातून वीज मिळते, आणि या साखळीत कार्बन डायऑक्साइड आणि राख बाहेर पडते.

8. घरची भाषा वेगळी असेल तर

आपल्या शहरात हे फार आहे. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू, शेजारी वेगळीच भाषा आणि शाळा मराठी. अशा मुलांना विषय समजतो, पण मराठी वाक्य जुळवताना दम लागतो आणि ती उत्तर आखडतात. त्यांना माझा सल्ला असा: उत्तर आधी घरच्या भाषेत मोठ्याने सांगा, आईला किंवा आजीला. समोरचा "का?" म्हणेल तिथे थांबा, तिथेच मधली पायरी सुटलेली असते. आमच्याकडे बऱ्याच आयांनी दहावी केलेली नाही. मागावर किंवा विड्या वळायला बसलेली आई "मग पुढं काय झालं?" असं विचारते, तेव्हा ती एका चांगल्या परीक्षकाचंच काम करत असते. सगळं सांगून झालं की ते मराठीत लिहा. संज्ञा मात्र पुस्तकातल्याच वापरा.

वाक्यं छोटी ठेवा. एका वाक्यात एक घटना. 'कारण', 'त्यामुळे', 'म्हणून', 'परंतु', 'तर' एवढे पाच जोडशब्द नीट वापरता आले तरी दहावीचं उत्तर उत्तम लिहून होतं. शुद्धलेखनाच्या लहानसहान चुकांची धास्ती घेऊ नका, पण संज्ञा बिनचूक हव्यात: 'अर्धगुणसूत्री' चं 'अर्धसूत्री' झालं की अर्थ डळमळतो.

9. आठवड्याचा सराव

रोज दोन प्रश्न, पुस्तक मिटून, घड्याळ लावून. 2 गुणांच्या प्रश्नाला साधारण 5 मिनिटं, 3 गुणांच्या प्रश्नाला 8 च्या आसपास. लिहून झाल्यावर पुस्तक उघडा आणि राहिलेलं हिरव्या पेनाने त्याच कागदावर भरा. मग दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा लिहा. हे दुसरं लिहिणं टाळू नका, खरी सुधारणा त्यातच होते. नुसतं वाचून "हं, कळलं" म्हटलं की आठवड्याने तीच चूक परत येते.

रविवारी मैत्रिणीशी कागद बदला. तिने तुमचं उत्तर तपासायचं, तुम्ही तिचं. दुसऱ्याच्या उत्तरातली फट चटकन दिसते, आणि मग स्वतःच्या उत्तरातही दिसू लागते.

घरात यंत्रमाग चालू असेल, माणसं जास्त असतील, तर लिहिण्याचा सराव शाळेच्या वर्गात किंवा जवळच्या अभ्यासिकेत करा. वाचन गोंगाटात होऊन जातं, लिहिणं होत नाही. आणि जानेवारीत गड्ड्याची जत्रा आणि पूर्वपरीक्षा जवळजवळच येतात. जत्रेला जरूर जा, पण दोन प्रश्न लिहून मग जा.

10. पेपरच्या दिवशी

जे प्रश्न सोडवायचे त्यांच्यावर आधी पेन्सिलीने खूण करा. तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवा, तो 15 गुणांचा आहे. प्रत्येक मुख्य प्रश्न नव्या पानावर सुरू करा, उपप्रश्नाचा क्रमांक प्रश्नपत्रिकेत आहे तसाच घाला. आकृती आणि ओघतक्ते पेन्सिलीने, बाकी सगळं पेनाने. शेवटची 10 मिनिटं राखा आणि त्यात तीनच गोष्टी बघा: क्रमांक बरोबर आहेत का, आकृत्यांना नावं आहेत का, प्रत्येक कारणात 'नियम, इथे, म्हणून' तिन्ही आलंय का. एखादं उत्तर अजिबात येत नसेल तर निदान माहीत असलेली एक-दोन विधानं लिहा. मुद्दा बरोबर असेल तर अर्धा गुणही मिळतो, कोऱ्या जागेला काहीच मिळत नाही.

11. निकाल अपेक्षेपेक्षा कमी आला तर

मंडळाकडून गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन अशा तीन सोयी मिळतात. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते. सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळाखाली येतो. अर्ज, शुल्क आणि मुदत निकालाच्या वेळी मंडळ जाहीर करतं. मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्या दिवशीच शाळेत विचारा. छायाप्रत हातात आली की विषयाच्या शिक्षकांना दाखवा, त्यांचं मत घ्या आणि मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. अकरावीला विज्ञान शाखा घेणार असाल तर पुनर्मूल्यांकन करायचं नसलं तरी छायाप्रत मागवण्याचा विचार करा. पायरी 2 मधल्या खुणा तिच्यावर घातल्या की अकरावीच्या पहिल्या चाचणीआधी कोणत्या प्रकारच्या उत्तरांवर बसायचं ते ठरवता येईल.